‘सेंट’ दिसतंय, पण गेलंय का? : विकतच्या वेबमेलची तपासणी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी फोन करून विचारलं, ‘वेबमेलवर व्याख्यान? तासभर?’ त्यांचंही बरोबर आहे. मेल म्हणजे नळाच्या पाण्यासारखी गोष्ट, येतंय तोवर कोणी त्याकडे बघत नाही. पण आज समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक भोसरी, तळवडे, कुरुळी, चाकण इथे कामाला जातात, किंवा स्वतःचं युनिट चालवतात. तुमची ऑर्डर मेलवर येते, ड्रॉइंग मेलवर येतं, आणि रिजेक्शनही मेलवरच येतं. त्या मेलचे तुम्ही पैसे भरता, दर माणशी, दर महिन्याला. फुकटच्या वस्तूला नावं ठेवू नयेत, हे मला मान्य आहे. ही वस्तू फुकट नाही. तर आपल्याकडे आलेल्या मालाची आपण जशी तपासणी करतो, तशी आज हिची करू.

आधी एक प्रकरण सांगतो. वर्कशॉपचं नाव सांगणार नाही, मेल विकणाऱ्या कंपनीचंही नाही. मी या प्रकरणात मधला माणूस होतो. लहान कारखान्यांची संगणकाची कामं बघतो, त्या नात्याने.

भोसरी एमआयडीसीतलं वर्कशॉप. दोन व्हीएमसी, तीन सीएनसी लेथ, पंचवीसेक माणसं. चाकणच्या एका कंपनीला ब्रॅकेट पुरवतात. ड्रॉइंगचं नवीन रेव्हिजन आलं, त्यात एका बोअरची जागा सरकली होती. मालकांच्या लक्षात आलं की सध्याच्या फिक्श्चरवर ही टॉलरन्स धरता येणार नाही. त्यांनी रीतसर डेव्हिएशन मागितलं. पत्र लिहिलं, पहिल्या नगाचा तपासणी अहवाल जोडला, फिक्श्चरचे फोटो जोडले. पडद्यावर खाली आकडा होता : २५ पैकी १९ एमबी. म्हणजे जागा आहे. ‘पाठवा’ दाबलं. वर हिरवी पट्टी आली, ‘संदेश पाठवला’. सेंटच्या कप्प्यात मेल दिसायला लागला.

चार दिवस नकार आला नाही. माल द्यायची तारीख जवळ आली होती, त्यांनी चारशे नग काढले आणि टेम्पो पाठवला. उत्तराशिवाय माल काढायला नको होता, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं. पण नंतरचा संवाद ऐका. ‘तुम्ही आम्हाला काही कळवलंच नाही.’ ‘कळवलं साहेब, हा बघा सेंट.’ ‘आमच्याकडे आलेलं नाही.’ दोघंही खरं बोलत होते. चारशे नग परत आले, वर डेबिट नोट.

मी मेलचा लॉग मागितला. तो मिळायला अकरा दिवस लागले. लॉगमध्ये काय होतं ते नीट समजून घेऊ.

मेलची व्यवस्था मुळात साध्या इंग्रजी मजकुरासाठी बांधलेली. फोटो, पीडीएफ, ड्रॉइंग त्यातून पाठवायचं तर त्यांना अक्षरांचं सोंग द्यावं लागतं. १९९२ मध्ये माइम नावाची पद्धत ठरली, ती आजही चालते. तिच्यात जोडलेल्या फाइलच्या दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे फाइल एक तृतीयांशाने फुगते. आता १९ ला चारने गुणा, तीनने भागा. २५.३. समोरच्या सर्व्हरची मर्यादा २५ होती. त्याने मेल नाकारला, ५५२ या क्रमांकाचा नकार देऊन. म्हणजे आकार जास्त. पडद्यावरचा काटा मात्र न फुगलेली फाइल मोजत होता. २५ ची मर्यादा लिहिलेली, आणि प्रत्यक्षात १८-१९ च्या पुढे गेलं की धोका. असा काटा आपल्या तपासणी टेबलावर असता, तर कॅलिब्रेशनवाल्याने त्याला लाल स्टिकर लावून कपाटात टाकला असता.

हे झालं एक. नकार आला, तर त्याचं पत्र परत यायला हवं ना? आलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव ‘मेलर-डीमन’. पण वर्कशॉपच्याच वेबमेलमधल्या स्पॅमच्या गाळणीला ते पत्र संशयास्पद वाटलं. तिने ते जंकमध्ये टाकलं. जंक उघडून कोण बघतं? तिथे लॉटरी लागलेली असते. (हशा) म्हणजे ज्या सेवेने मेल नेला, तिनेच ‘मी तो पोचवू शकले नाही’ हे पत्र आपल्याच गिऱ्हाइकापासून लपवलं. त्याच वेळी सेंटच्या कप्प्यात तो मेल शहाण्यासारखा बसलेला.

यातला प्रत्येक भाग वेगळा पाहिला तर आपापल्या परीने ठीक चालत होता. काटा फाइल मोजत होता, सर्व्हर नियम पाळत होता, गाळणी गाळत होती. म्हणून सपोर्टवाला शेवटपर्यंत म्हणत राहिला की आमच्या बाजूने काही अडचण दिसत नाही.

आता त्या मालकांना काय करावं लागलं? चाकणहून एट-डी रिपोर्टची मागणी आली. इथे बहुतेकांना एट-डी माहीत आहे, ज्यांना नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. फोर्ड कंपनीने १९८७ च्या सुमाराला ही पद्धत बसवली : दोष सापडला की तो आठ पायऱ्यांनी सोडवायचा. माणसं ठरवा, दोष नेमका लिहा, तात्काळ बंदोबस्त करा, मूळ कारण शोधा, आणि अखेरीस तो दोष पुन्हा कुठेच येणार नाही अशी व्यवस्था करून दाखवा. तात्काळ बंदोबस्त म्हणजे चोवीस तासांत, अशी आपल्या पट्ट्यातल्या गिऱ्हाइकांची सर्वसाधारण अपेक्षा. मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’ असं लिहिलंत, तर रिपोर्ट परत येतो. ‘लक्ष नव्हतं, पण व्यवस्थेने ते पकडलं का नाही?’ असा पुढचा ‘का’ विचारतात. आपण सगळे यातून गेलोय. चिडलोही आहोत. पण खरं सांगा, या ‘का’मुळेच आपल्याकडचा माल सुधारला की नाही?

आणि त्याच आठवड्यात मेल कंपनीच्या सपोर्टकडून आलेली उत्तरं माझ्याकडे आहेत. पहिलं : कॅशे साफ करा. दुसरं : दुसरा ब्राउझर वापरून बघा. तिसरं : स्क्रीनशॉट पाठवा. चौथं : आमच्याकडे ही अडचण पुन्हा घडवता आली नाही. पाचवं : तुमचं तिकीट बंद करण्यात आलं आहे, आमची सेवा कशी वाटली, तारे द्या. (हशा)

कल्पना करा, आपण चाकणच्या क्वालिटीवाल्या साहेबांना उत्तर देतोय : साहेब, तुमचा गेज पुसून बघा. दुसऱ्या टेबलावर ठेवून मोजा. फोटो पाठवा. आमच्याकडे तर नग बसतोय. बरं, तुमची तक्रार बंद केली आहे, तारे द्या. दुसऱ्या दिवशी आपलं नाव वेंडर लिस्टमध्ये राहील का?

माझी मुख्य तक्रार ही आहे. या पट्ट्यात पंचवीस माणसांच्या वर्कशॉपकडून जी शिस्त मागितली जाते, ती ज्या सॉफ्टवेअरवर त्याचा सगळा व्यवहार चालतो त्या सॉफ्टवेअरकडून कोणी मागत नाही. हिंजवडीचं आयटी पार्कही एमआयडीसीनेच वसवलेलं आहे. एकाच महामंडळाचे भूखंड, मध्ये पाऊण तासाचा रस्ता. ट्रॅफिक धरून दीड तास म्हणा. पण एका भूखंडावर दोष म्हणजे रिजेक्शन, आणि दुसऱ्या धंद्यात दोष म्हणजे ‘नोन इश्यू’. माहीत आहे, म्हणून चालेल.

कोणी म्हणेल, मेल हा प्रकारच असा बेभरवशाचा. हे मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि इथे थोडं खोलात जातो.

मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसा जातो, याचे नियम आरएफसी ८२१ या कागदात लिहिले गेले, ऑगस्ट १९८२ मध्ये. पुढे ते सुधारले, २००८ मध्ये त्यांचं नवं रूप आलं. त्यातली मध्यवर्ती कल्पना आपल्याला ओळखीची वाटेल, कारण ती चलनाची आहे. टेम्पोवाला माल घेऊन गेटवर जातो, स्टोअरवाला चलनावर सही-शिक्का करतो. ती पोच. त्या क्षणापासून माल स्टोअरचा. मेलमध्ये ही सही म्हणजे २५० हा आकडा. समोरच्या सर्व्हरने २५० म्हटलं की त्याने जबाबदारी घेतली : एक तर मी हे पोचवीन, नाहीतर पोचलं नाही असं पाठवणाऱ्याला कळवीन. मधेच मशीन बंद पडलं वगैरे किरकोळ कारणाने मेल हरवू देऊ नये, असंही त्या नियमांत आहे. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नाही, परत या’. मग पाठवणारा सर्व्हर थांबून थांबून प्रयत्न करतो, चार-पाच दिवससुद्धा. पाचने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. इतकी स्वच्छ भाषा आहे. गेटवरच्या वॉचमनलाही कळेल.

मग ही भाषा आपल्यापर्यंत का येत नाही? कारण मध्ये वेबमेलचा पडदा आहे. तुम्ही ‘पाठवा’ दाबता तेव्हा पुष्कळ वेबमेल दोन वेगवेगळी कामं करतात. एक, मेल आपल्या सर्व्हरच्या हवाली करणं. दोन, त्याची एक प्रत सेंटच्या कप्प्यात ठेवणं. सेंट ही आपण आपल्यासाठी ठेवलेली झेरॉक्स. टेम्पो गेटबाहेर पडला एवढंच ती सांगते. नाशिक फाट्याला अडकला, मोशीला पंक्चर झाला, चाकणच्या तळेगाव चौकात दोन तास उभा राहिला, की स्टोअरने माल उतरवूनच घेतला नाही, यातलं तिला काही ठाऊक नसतं. तरी शब्द कोणता वापरलाय? ‘पाठवला’. भूतकाळ. पूर्ण झालेलं काम. हा दोष भाषेचा आहे, आणि कोडमधल्या दोषापेक्षा तो मला जास्त गंभीर वाटतो, कारण लिहिणाऱ्याने तो जाणूनबुजून निवडलाय. ‘रांगेत आहे’, ‘समोरच्या सर्व्हरने घेतला’, ‘समोरच्याने नाकारला’ अशा तीन ओळी दाखवायला अवघड काय आहे? लॉगमध्ये ती माहिती असतेच. पण ती ॲडमिनच्या पानावर, तीन मेनूंच्या आत, आणि तेही महागडा प्लॅन घेतला असेल तर.

पडद्याचं दुसरं खोटं जाता जाता सांगतो, कारण त्यात लोकांचे पैसे बुडतात. मोबाइलवर अनेक वेबमेल पाठवणाऱ्याचं फक्त नाव दाखवतात, पत्ता लपवतात. जागा कमी, पडदा सुबक दिसला पाहिजे. मग एक दिवस ओळखीच्या सप्लायरच्या नावाने मेल येतो : आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यावर करा. खालचा पत्ता उघडून बघितला तर एक अक्षर वेगळं. इंग्रजी आर आणि एन शेजारी ठेवले की लांबून एम दिसतो. अकाउंटवाल्या बाईंनी पत्ता बघायला हवा होता, असं सगळे म्हणतात. पण तो पत्ता दाखवायला हवा होता, असं कोणी म्हणत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असं होत नाही, असा एक समज आहे. होतं. १ जानेवारी २०२२ आठवतो? शनिवार होता, आपल्याकडे कामाचा दिवस. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज, २०१६ आणि २०१९ ची आवृत्ती, जी कंपन्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात, तिथे नववर्षाला मेल रांगेत अडकून पडले. कारण ऐकण्यासारखं आहे. आतमध्ये व्हायरस तपासणारं एक इंजिन आहे, त्याच्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून बनायचा. वर्ष, महिना, दिवस, मग पुढे चार आकडे. २०२२ लागलं तसा क्रमांक झाला २२०१०१०००१. तो आकडा ज्या खणात ठेवायचा, त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या २१४७४८३६४७. मावला नाही, इंजिन कोसळलं, आणि तपासणी होत नाही तोवर मेल सोडायचा नाही हा नियम असल्यामुळे मेल तुंबले. यावर तोडगा काय काढला असेल? नव्या आवृत्तीला क्रमांक दिला २११२३३०००१. म्हणजे ३३ डिसेंबर २०२१. (हशा) हसा, पण मला तो तोडगा आवडतो. आपल्याकडे याला जुगाड म्हणतील. लाइन चालू करायची होती, केली. आणि हे सगळं त्यांनी त्याच दिवशी जाहीर लिहिलं, दुरुस्तीची स्क्रिप्ट दिली. मेल हरवले नाहीत, रांगेत उभे राहिले. वाईट दोषातली ही चांगली जात.

याच्या उलट उदाहरण डिसेंबर २०२० चं. १५ तारखेला जीमेलच्या काही व्यवस्था एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना एका सेटिंगमध्ये गडबड झाली, आणि चालू असलेल्या पत्त्यांवरचे मेल ५५० म्हणून परत जाऊ लागले. ५५० म्हणजे हा पत्ताच अस्तित्वात नाही. माणूस घरात बसलाय, आणि दारावरचा पहारेकरी पोस्टमनला सांगतोय की या नावाचं इथे कोणी राहत नाही. पाचचा नकार कायमचा असतो. तो मिळाल्यावर अनेक यंत्रणा तो पत्ता आपल्या यादीतून काढूनच टाकतात. दोष काही तासांत दुरुस्त झाला, पण त्या तासांत कुठल्या यादीतून तुमचं नाव गेलं, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. गूगलने नंतर सविस्तर अहवाल छापला : काय बदललं, कसं सुटलं, पुढे काय करणार. तो वाचताना मला एट-डीची आठवण झाली. म्हणजे सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे करता येतं. जगभर बोंब झाली की करतात. भोसरीतल्या एकाच वर्कशॉपची बोंब असली की कॅशे साफ करा.

आता मराठीचं. हे ऐकून काही जण म्हणतील, उगाच. पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वैताग इथे येतो. शॉप फ्लोअरवरची मुलं फाइलला मराठीत नाव देतात, ‘सुधारित ब्रॅकेट’ वगैरे. देऊ नये का? द्यावं की. ‘सुधारित’ हा शब्द घ्या. संगणकाच्या हिशेबाने त्यात सात खुणा : स, उकार, ध, काना, र, वेलांटी, त. प्रत्येक खुणेला तीन बाइट, झाले एकवीस. मेलच्या मथळ्यातून फाइलचं नाव पाठवताना रूढ पद्धतीत प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. झाली त्रेसष्ट. एका शब्दाला! मथळ्याची ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी असा संकेत. म्हणजे ‘सुधारित ब्रॅकेट’ लिहिलं की नाव तोडून दुसऱ्या ओळीवर न्यावंच लागतं. ते कसं तोडावं, कसं जोडावं, याचे नियम १९९७ पासून लिहिलेले आहेत. तरी आजही विकतचे वेबमेल ते अर्धवट पाळतात. कोणी अक्षराच्या मधोमध तोडतो, कोणी जोडायला विसरतो. समोर पोचतं काय? बिननावाची फाइल, किंवा चौकटीतली प्रश्नचिन्हं. शेपटीचं पीडीएफही गळून पडलेलं असतं, म्हणून ती फाइल उघडतच नाही. समोरचा म्हणतो, रिकामी फाइल पाठवलीत.

सपोर्टचा सल्ला? फाइलचं नाव इंग्रजीत ठेवा. वस्तू विकताना जाहिरात मराठीत असते, मेनू मराठीत करून देतात, आणि फाइलचं नाव मराठीत दिलं की दोष तुमचा. माप ड्रॉइंगप्रमाणे येत नाही तर ड्रॉइंग बदला, असं कोणत्या सप्लायरला म्हणता येतं?

एक लहानशी गोष्ट, गुरुवारची. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी काम चालू. हे पुण्यातल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. पण मेल कंपनीची सूचना येते : गैरसोय टाळण्यासाठी देखभालीचं काम रविवारी सकाळी दहा ते दोन या वेळेत. कोणाची गैरसोय टाळण्यासाठी? मी एकदा कळवलं की आमचा रविवार गुरुवारी असतो. उत्तर आलं, तुमची सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे. सेंट झाली असेल. (हशा)

कायदा काय म्हणतो, तेही बघू, फार वेळ घेत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००, कलम १३. तुम्ही मेल घेण्यासाठी एखादी यंत्रणा नेमून दिली असेल, तर मेल त्या यंत्रणेत शिरला त्या क्षणी तो तुम्हाला मिळाला असं धरतात. उघडला का, दिसला का, याची अट नाही. म्हणजे चाकणहून आलेलं नवं रेव्हिजन तुमच्याच गाळणीने जंकमध्ये टाकलं असेल, तर ‘मिळालंच नाही’ म्हणणं अवघड. वाद घालता येईल, पण वकिलाची फी धरून. सॉफ्टवेअरच्या दोषाची किंमत कायद्याने तुमच्या खात्यावर मांडली आहे.

मग विकणाऱ्याकडे भरपाई मागू? करार वाचा. बहुतेक करारांत जबाबदारी भरलेल्या वर्गणीपुरती, आणि धंद्याच्या नुकसानीला ते बांधील नाहीत. ग्राहक न्यायालय? तिथे लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सचा १९९५ चा निकाल आहे, सर्वोच्च न्यायालयाचा. छोट्या कारखान्याने सीएनसी टर्निंग मशीन घेतलं, ते उशिरा आणि सदोष मिळालं अशी तक्रार होती. न्यायालयाने म्हटलं, व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. एकट्याने पोटापाण्यासाठी, स्वतः राबून धंदा केला तर सूट आहे. पंचवीस माणसं कामाला ठेवलीत की तुम्ही व्यापारी. मशीनच्या बाबतीत निदान दिवाणी दाव्याला अर्थ असतो, रक्कम मोठी असते. मेलच्या वर्गणीसाठी कोण दावा लावणार? हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल हा नुसताच कातावलाय. मेल चालवणं सोपं नाही. येणाऱ्या मेलमध्ये कचरा आणि फसवणूक इतकी असते की गाळणी कडक ठेवावीच लागते, आणि कडक गाळणी चुकणारच. जोडलेली फाइल उघडून तपासणं हेसुद्धा धोक्याचं : २०२२ मध्ये झिंब्रामध्ये असा दोष निघाला की व्हायरस तपासण्यासाठी मेलमधली गाठोडी सोडणारं साधनच हल्लेखोराला आत घेत होतं. झिंब्राचे मालक बघा : २००७ मध्ये याहू, २०१० मध्ये व्हीएमवेअर, २०१३ मध्ये टेलिजंट, २०१५ मध्ये सिनाकोर. शेड तीच, बोर्ड बदलत गेला. अशा घरात जुन्या दोषाची मालकी कोणाकडे राहते?

आणि आपल्याकडे तर आणखी एक पायरी असते. तुम्हाला मेल विकणारा स्थानिक ‘आयटीवाला’ पुष्कळदा राउंडक्यूबसारखं मुक्त सॉफ्टवेअर स्वतःचा लोगो लावून देतो. त्यात गैर काही नाही. पण जून २०२५ मध्ये त्याच राउंडक्यूबमध्ये दहा वर्षं पडून राहिलेला गंभीर दोष सापडला. दुरुस्ती लगेच आली, फुकट आली. तुमच्या आयटीवाल्याने ती लावली का? कधी विचारलंत? आपण त्याला मशीनच्या एएमसीसारखे पैसे देतो, पण एएमसीवाल्याकडून जसा सही केलेला सर्व्हिस रिपोर्ट घेतो, तसा याच्याकडून घेत नाही. इथे दोष थोडा आपलाही आहे. विकत घेताना दोनच प्रश्न विचारतो : जागा किती आणि दर काय.

प्रश्न घेऊ का? हां, तुम्ही बोला.

(श्रोता : मग मेल सोडून व्हॉट्सॲपच का वापरू नये? आमच्याकडे ड्रॉइंगसुद्धा त्यावरच येतं आता.)

फार चांगला प्रश्न. आणि लोक आळसामुळे तिकडे गेले, असं मला वाटत नाही. तिकडे एक बरोबर-खूण म्हणजे तुमच्याकडून गेलं, दोन म्हणजे समोरच्या फोनवर पोचलं, निळ्या झाल्या म्हणजे त्याने बघितलं. माणसाला नेमकं हेच हवं होतं. १९८२ च्या नियमांत २५० ची पोच होती, ती महागड्या वेबमेलने लपवली आणि फुकटच्या ॲपने दाखवली. पण ते ड्रॉइंग कोणाच्या फोनवर आलं? सुपरवायझरच्या. तो दिवाळीनंतर दुसऱ्या कंपनीत गेला, फोन घेऊन गेला. ऑडिटर विचारतो, रेव्हिजन सी तुम्हाला कधी मिळालं, दाखवा. काय दाखवणार? शिवाय फोटो म्हणून पाठवलेलं ड्रॉइंग दाबून लहान होतं, आणि ३ चा ८ वाचला जातो. असं झालेलं मी पाहिलंय, त्या नगांना पुढे भंगारचा भाव आला.

(श्रोता : त्या वर्कशॉपचं पुढे काय झालं?)

डेबिट नोट अर्धी माफ झाली, लॉग दाखवल्यावर. चाकणचे क्वालिटीवाले साहेब समंजस निघाले. एट-डीमध्ये मूळ कारण म्हणून मेलचा हा सगळा प्रवास लिहिला, पाच ‘का’ सकट, आणि तो रिपोर्ट पहिल्या फेरीत मंजूर झाला. कायमचा उपाय म्हणून त्यांनी तीन गोष्टी केल्या. १५ एमबीच्या वरचं काही मेलला जोडायचं नाही, लिंक पाठवायची. मेलर-डीमनची पत्रं जंकमध्ये जाऊ नयेत असा नियम बसवला, ते दोन मिनिटांचं काम होतं. आणि डेव्हिएशनच्या प्रत्येक मेलनंतर फोन करून समोरच्याकडून एका ओळीचं उत्तर मागायचं, ते आल्याशिवाय जॉब मशीनवर चढवायचा नाही. तोच रिपोर्ट, जसाच्या तसा, आम्ही मेल कंपनीला पाठवला आणि लिहिलं की तुमच्या भागाचे रकाने भरून द्या. वर्गणी मार्चमध्ये संपतेय. अजून उत्तर नाही.

(पुढची प्रश्नोत्तरं सर्व्हरच्या सेटिंगबद्दल होती, ती इथे घेतलेली नाहीत.)